कोनाडा कोणाच्या अंगाला

डोणगावात निवृत्तीच्या आणि हबीब पिंजाऱ्याच्या घरांमध्ये एक मातीची भिंत होती, आणि ती कोणाचीच नव्हती. कोणीतरी बांधली असणारच म्हणा, पण बांधणारे दोघांचे आजे कधीच मातीआड झाले होते आणि नातवांना त्या भिंतीचा मालक होण्याची मुळीच हौस नव्हती. होळी झाली की लिंपणाची वेळ यायची. मग निवृत्ती भिंतीवरून मान उंच करून म्हणायचा, "हबीबभाई, तुमच्या भिंतीचे पोपडे पडून राह्यले." हबीबचा धंदा कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्याचा. तो पिंजणाच्या धनुष्याची तात थांबवायचा, दाढीतला कापूस झटकायचा आणि म्हणायचा, "माह्या? अरे भाऊ, भिंत तं तुमची. मी कसा हात लावू?"

एवढी अदब त्या दोघांनी दुसऱ्या कोणत्याच बाबतीत कधी दाखवली नव्हती. पोपडे पडत राहिले, भिंतीच्या मधोमध एका घुशीनं घर केलं, आणि शेजारधर्म मात्र उत्तम चालला होता.

बिघडलं ते दिवाळीनंतर. निवृत्तीची एकुलती लेक अन्नपूर्णा, म्हणजे घरची अन्नू, बीबी गावात दिलेली होती. तिला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं. आता निवृत्तीचं घर म्हणजे एकच मोठा खण. एका कोपऱ्यात देव, एका कोपऱ्यात चूल, उरलेल्यात धान्याच्या कणग्या. देवाजवळ आणि चुलीजवळ बाळंतीण ठेवत नाहीत. ज्यांना वेगळी खोली नाही ते गोठ्यात सोय करतात, आणि गावात बऱ्याच जणांना वेगळी खोली नव्हती.

पण या घरात गोठ्याचं नाव काढायची सोय नव्हती. अन्नूच्या आधी निवृत्तीच्या बायकोला, गोजरबाईला, एक मुलगा झाला होता, गोठ्यातच, पौषात. कुडाच्या फटींतून रात्रभर वारा येत होता. ते पोर महिनाही जगलं नाही. गोजरबाईनं नवऱ्याजवळ आयुष्यात लुगडं मागितलं नाही की पाटल्या मागितल्या नाहीत. अन्नूचं कळल्यावर मात्र तिनं भाकरी थापता थापता एवढंच सांगितलं, "माही लेक गोठ्यात बाळंत होनार नाही." निवृत्तीनं हातातला घास ताटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी कडूबा गवंड्याला बोलावलं.

कडूबानं घराला लागून नव्या खोलीच्या तीन भिंती उभ्या केल्या. चौथी बांधायची गरजच नव्हती, ती हबीबकडची जुनी भिंत होतीच. तिच्यावर सरे टाकायचे, म्हणजे छपराची आडवी लाकडं, त्यांवर काटक्या आणि पांढरी माती घातली की धाबं तयार. सरे उचलायला माणसं जमली. पहिला सरा भिंतीला टेकतो न टेकतो तोच पलीकडून हबीबची टोपी वर आली.

"भिंतीले हात लावू नका," हबीब म्हणाला. "भिंत माही हाय."

निवृत्ती खालून बघतच राहिला. "तुही? परवापरवापरेंत तं माही होती!"

"तं मग परवापरवापरेंत लिंपली काऊन नाही?"

"अन् तू काऊन नाही लिंपली?"

मग दोघांनीही आवाज चढवला. सरा खाली आला. जमलेली माणसं थोडा वेळ थांबली, आणखी काही ऐकायला मिळत नाही असं पाहून पांगली.

"आवो, नुसतं विचारा ना त्याहिले," गोजरबाई म्हणाली. "हबीबभाई काय नाही म्हनतात?"

"माह्याच भिंतीवर सरा टाकाले मी दुसऱ्याले विचारू?"

"मग दोन खांब रोवा, त्याच्यावर टाका."

"भिंत असताना खांब कायले?"

इथं निवृत्तीचा स्वभाव सांगितला पाहिजे. माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का, बैलांवर जीव लावणारा. पण कोणाला काही विचारायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. एकदा तो रोहिणखेडला लग्नाला निघाला, रस्ता कोणाला विचारला नाही आणि भलत्याच गावी पोचला. तिथंही एक लग्न लागत होतं. पंगतीत बसून जेवला, नवरदेवाचं तोंड ओळखीचं वाटेना तरी तेही विचारलं नाही, आणि घरी येऊन बायकोला म्हणाला की पोरगा बराच बदलला. असा माणूस भिंतीपायी हबीबला विचारेल, ही आशा करणंच चूक होतं. तरी गोजरबाई दोन दिवस आशा करत राहिली. बायकांना ती सवय असते.

शेवटी प्रकरण शेषरावांकडे गेलं. शेषराव गावातले जाणते, जमीनजुमल्याचे; असले तंटे त्यांच्या ओट्यावर यायचे. मेहकरच्या कचेरीत गेलं की वर्षं निघतात आणि दोन्ही घरं वकिलाच्या अंगणात बसतात, त्यापेक्षा शेषरावांचा चहा बरा, असं गावाचं मत होतं. शेषरावांनी दोघांचं ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सोपं हाय. भिंतीचे कोनाडे पाहू. कोनाडे ज्याच्या अंगाले, भिंत त्याची. दुसऱ्याच्या भिंतीत कोनी कोनाडा कोरते काय? बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी येतो पाहाले."

ही रीत जुनीच होती आणि खरीही होती. पण दोघंही घराकडे परतले ते एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून, तोंड पाडून. कारण त्या भिंतीला कोनाडाच नव्हता, ना या अंगाला ना त्या अंगाला. जी भिंत लिंपायलाही कोणी तयार नव्हतं, तिच्यात कोनाडा कोण कोरणार?

बाजाराच्या दिवशी दुपारी गल्ली ओस पडली होती. निवृत्तीनं दार लोटून घेतलं, खुरपं काढलं आणि नव्या खोलीत गेला. भिंतीचा खालचा भाग दगडी, वरचा टणक. मधोमध घुशीनं पोखरलेली जागा तेवढी भुसभुशीत. तिथं काम लवकर होईल म्हणून त्यानं तीच धरली. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून गोजरबाईनं जवळच उखळ मांडून मिरच्या कुटायला घेतल्या. तिचं मन या कामात नव्हतं, तिनं तसं सांगितलंही होतं. पण लेक माहेरी यायची वेळ जवळ आली होती आणि तिच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. कोनाडा झाल्यावर त्याला तेलाचे ओघळ लावायचे, वर दिव्याची काजळी धरायची, म्हणजे तो आजाच्या काळचा दिसेल, असा बेत होता. काजळीची वाटी तिनं तयारच ठेवली होती.

निवृत्ती कोरू लागला. उथळ कोनाडा खोटा वाटतो, तेव्हा चांगला कोपरभर खोल हवा. मनगट आत गेलं, पुढं हात आत गेला. पलीकडे हबीबचं पिंजण चालू होतं, पण आज त्याचा ठेका भलताच होता. एरवी हबीबची तात कशी टुंय-टुंय-धप, टुंय-टुंय-धप अशी डुलत चालायची. तिच्या तालावर निवृत्तीला दुपारची झोप लागायची. आज एक टुंय व्हायचं, मग बराच वेळ काही नाही, मग एकदम दोन धप. 'हबीबभाईले ताप तं नाही?' निवृत्तीच्या मनात आलं. त्याला खरंच काळजी वाटली. हाक मारून विचारावं असंही वाटलं, पण एक तर भांडण चालू होतं, आणि दुसरं म्हणजे विचारणं त्याला जमत नव्हतं. तो कोरत राहिला.

एवढ्यात भिंतीतली माती आपोआप हलली. निवृत्तीनं खुरपं थांबवलं, तरी माती हलतच होती. घूस! त्यानं खुरप्याचं टोक आत दाबलं. आतून कोणीतरी ते परत ढकललं. त्याच वेळी उखळातून मिरचीचा खकाणा उठला, निवृत्तीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भिंतीच्या पोटातून एक जोराची शिंक ऐकू आली. शिंकेमागून आवाज आला, "अल्हम्दुलिल्ला."

घूस शिंकेलही एखाद्या वेळी. पण शिंकून अल्लाचे आभार मानणारी घूस डोणगावात नव्हती. मातीचं एक ढेकूळ सुटून खाली पडलं, ताटाएवढं भगदाड पडलं आणि पलीकडून मिरचीनं लाल झालेले दोन डोळे निवृत्तीकडे पाहू लागले. हबीबच्या हातात सुताराची पटाशी होती.

निवृत्तीनं खुरपं पाठीमागं नेलं.

"काय करून राह्यला निवृत्तीभाऊ?" हबीबनं विचारलं.

"काही नाही. घूस शोधून राह्यलो. तुमी?"

"मी बी घूसच."

"सापडली काय?"

"हाव," हबीब म्हणाला. "आता सापडली."

पिंजण थांबलं. हबीबच्या मागून त्याची बायको सुगराबी डोकावली. तिच्या हातात तात वाजवायचा ठोकळा होता, डोक्यापासून पायापर्यंत कापूस चिकटलेला. आज तातेचा ठेका का बिघडला होता ते निवृत्तीला कळलं. इकडून गोजरबाई हातातलं मुसळ घेऊनच वाकली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि अशा हसल्या की सुगराबीला भिंतीचा आधार घ्यावा लागला. भांडण सुरू झाल्यापासून नवऱ्यांसमोर त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. विहिरीवर मात्र रोज बोलत होत्या, आणि काय बोलत असतील ते आता दोघा पुरुषांच्या ध्यानात यायला हरकत नव्हती.

हसला नाही तो हबीब. त्यानं भगदाडातून तोंड आणखी पुढं आणलं आणि निवृत्तीला सोडून गोजरबाईला विचारलं, "भाभी, अन्नू येऊन राह्यली ना बाळंतपनाले?"

"हाव."

"अन् मले कोनी सांगितलं? कडूबानं! गवंड्यानं!" हबीबचा आवाज चिरकला. "जी पोरगी माह्या कापसाच्या ढिगावर लोळून मोठी झाली, जिच्या लग्नाची गादी म्या माह्या हातानं भरली, तिले दिवस गेले हे मले गवंड्याच्या तोंडून कळावं? भिंत घ्या. भिंतीची माती घ्या. मले काय चाटाची हाय ते भिंत? पन एकदा म्हनाचं तं होतं, हबीब, असं असं हाय, सरा टाकू काय? इतकंच!"

निवृत्तीकडे न सांगण्याचं कारण नव्हतं असं नाही. पहिलटकरीण पोर, एक मूल या घरानं आधीच गमावलेलं. नजर लागायला नको म्हणून त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. पण हबीब 'कोणी' नव्हता, आणि हे त्याला आत्ता, ताटाएवढ्या भगदाडातून पाहताना कळलं. त्याला फार लाज वाटली. गोजरबाईनं मुसळाच्या टोकानं त्याला मागून ढोसलं. विचारा, एवढाच त्या ढोसण्याचा अर्थ होता. निवृत्तीनं तोंड उघडलं.

आणि भिंत पडली.

दोन्ही बाजूंनी पोखरल्यावर ती आणखी काय करणार? वरचा भाग आधी खचला, सगळे ओरडत मागं सरले, मग उरलेली भिंत हळूहळू, अगदी दोघांची माफी मागत बसावी तशी खाली बसली. हबीबच्या धाब्याचं ओझं त्याच्या लाकडी खांबांवर होतं म्हणून ते जागच्या जागी राहिलं. धूळ बसली तेव्हा निवृत्तीच्या नव्या खोलीतून हबीबची खाट, कापसाचे ढीग आणि पलीकडच्या चुलीवरचं पातेलं असं सगळं स्वच्छ दिसत होतं. आता भिंतच नाही, तर सरा टाकू का हे विचारायचं कशाला, असं निवृत्तीच्या मनानं त्याला लगेच पटवून दिलं. विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी शेषराव काठी टेकत आले ते कोनाडे पाहायला. पाहायला होता तो मातीचा ढीग. त्यांनी दोन्ही घरचा चहा घेतला, आधी या घरचा, मग त्या घरचा, आणि विचारलं, "झालं काय?"

"घुशीनं पाडली," दोघं एका आवाजात म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचं एकमत झालं होतं.

शेषरावांनी काठीनं ढीग उकरला. आधी खुरपं निघालं, मग पटाशी. "हत्यारं घेऊन हिंडते काय आजकाल घूस?" ते म्हणाले. कोणी मान वर केली नाही. शेषरावांनी मग निवाडा दिला. "दोघं मिळून बांधा, दोघंही सरे टाका. मालकी कोनाची हे मले विचारू नका. आपलं वऱ्हाडच पाहा ना. कागदावर निजामाचं, कारभार नागपूरच्या इंग्रजाचा, अन् मधात आपन जगूनच राह्यलो. भिंतीनं काय घोडं मारलं?"

वाद मिटला. आता काम सपाट्यानं व्हायला हवं होतं. पण आपल्या हातून चूक झाली हे दोघांनाही कळलं होतं, आणि चूक कळलेली दोन माणसं भांडणाऱ्या दोन माणसांपेक्षा गवंड्याला जास्त तापदायक असतात. कडूबानं सकाळी पायाची दोरी लावली. निवृत्ती म्हणाला, "जरा माह्या अंगाले घे, हबीबभाईले जागा कमी पडते." दोरी इकडे आली. दुपारी हबीब म्हणाला, "छे छे, त्याची बाळंतिनीची खोली, माह्या अंगाले घे." दोरी तिकडे गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कडूबा माती भिजवायचा, दोरी हलायची, माती वाळायची, कडूबा पुन्हा भिजवायचा.

"तुमी भांडत होते तेच बरं होतं," तो शेवटी म्हणाला. "निदान माती तं एका जागी होती."

पायाचे दगड तेवढे जमिनीबरोबर बसले होते अशा अवस्थेत बीबीची बैलगाडी दारात आली. अन्नू उतरली, जड पावलांनी नव्या खोलीपाशी गेली. तीन भिंती, वर आभाळ आणि समोर थेट हबीबचाचा, कापसात कंबरेइतका बुडालेला.

"बाबा, भिंत कुठी गेली?" तिनं विचारलं.

दोघं खाली बघू लागले. मग गोजरबाईनं आणि सुगराबीनं मिळून तिला सगळं सांगितलं, हावभावांसकट, शिंकेसकट. अन्नू पोट धरून हसली, हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, भिंत नसली तं नसली. मले तं लहानपनापासून हे दोन्ही घरं एकच वाटत होते." निवृत्तीला ते ऐकून बरंही वाटलं आणि आणखी लाजही वाटली. त्यानं त्याच वेळी कडूबाला बजावलं की दोरी आता कोणाच्या बापाचं ऐकून हलवायची नाही. बाळंतपणाला अजून अवकाश होता, तोवर भिंत उठेल, धाबं पडेल, असा त्याचा हिशेब होता.

पण बाळं असले हिशेब मानत नाहीत. भिंतीचा पहिला थरही चढला नव्हता तोच एका दुपारी अन्नूच्या पोटात कळा सुरू झाल्या. शेतातून आलेल्या निवृत्तीला आधी काही कळलंच नाही. त्याला दिसलं ते एवढंच की गोजरबाई गोठा झाडते आहे. बैल बाहेर बांधले होते. ती काही बोलत नव्हती, रडत नव्हती, त्याला दोष देत नव्हती. नुसती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात केरसुणी ओढत होती, आणि कुडाच्या फटींत जुनी लुगडी कोंबलेली होती.

निवृत्तीला त्या पौषातलं पोर आठवलं. त्याचं तोंडही आता नीट आठवत नव्हतं, फक्त ते किती थंड लागलं होतं ते आठवत होतं. त्यानं बायकोच्या हातातली केरसुणी काढून घेतली आणि तो तसाच धुळीच्या पायांनी नव्या खोलीत गेला. पायाच्या दगडांपाशी थांबला. पलीकडे एक पाऊल टाकलं की हबीबचं घर होतं. दगड जमिनीच्या वर बोटभरही आलेले नव्हते, पण त्या क्षणी त्याला ते ओलांडवेनात.

हबीब पाठमोरा होता. कापसाचे गठ्ठे उचलून माळ्यावर टाकत होता.

"हबीबभाई," निवृत्ती म्हणाला. पुढं शब्द येईनात. जन्मात कधी बाहेर न पडलेले शब्द, त्यांना तरी वाट कशी ठाऊक असणार? "अन्नूले... तुमच्या इकडं... घेता काय?"

"काय म्हनतं?" हबीबनं मागं न बघता विचारलं. "कापसात ऐकू येत नाही."

"जागा देता काय म्हनतो!" निवृत्ती असा ओरडला की गल्लीतल्या बायका दारात आल्या. "विचारून राह्यलो मी तुमाले! माह्या लेकीले घरात घेता काय?"

हबीब वळला. त्याचे डोळे भरले होते. कापसाचे तंतू जातात, असं त्यानं नंतर सांगितलं. त्याच्या पाठीमागं अर्धी खोली आधीच रिकामी झाली होती, जमीन सारवलेली होती आणि सुगराबी शेगडीत निखारे भरत होती. निवृत्ती विचारायच्या कितीतरी आधीपासून ती दोघं कामाला लागलेली होती.

"आता कायले विचारतं बे?" हबीब म्हणाला. "भिंत हाय कुठी?"

खाट कुठं टाकायची यावर बायकांचं थोडं वाजलं. अन्नूचं माहेर म्हणजे माझं घर, असं गोजरबाईचं म्हणणं. छप्पर माझ्या घरावर आहे, असं सुगराबीचं. हबीबचं धाबं खांबांच्या पुढं भिंतीच्या रेषेपर्यंत आलेलं होतं, तेव्हा खाट त्या रेषेवरच आली. डोकं हबीबच्या घरात, पाय निवृत्तीच्या. वारा येऊ नये म्हणून हबीबनं चारी बाजूंनी, आणि पायांकडे वरूनही, दोऱ्या बांधल्या आणि गिऱ्हाइकांसाठी भरून ठेवलेल्या सगळ्या रजया त्यांवर टांगल्या, नव्या कोऱ्या, लाल-निळ्या, बोटबोट जाडीच्या. मातीच्या भिंतीनं कधी अडवला नसेल एवढा वारा त्या रजयांनी अडवला. सुईण आत गेली आणि दोघे पुरुष बाहेर पायाच्या दगडांवर बसले, एक इकडे तोंड करून, एक तिकडे.

दिवे लागायच्या सुमाराला आतून रडणं ऐकू आलं, चांगलं खणखणीत. मुलगी झाली होती. सुगराबीनं रजईची कड उचलून हात बाहेर काढला आणि आजोबाच्या बोटांना नातीचं पाऊल लावून दाखवलं. ते गरम होतं. निवृत्ती बांध फुटल्यासारखा रडला आणि त्याला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

सव्वा महिना रजयांची भिंत तशीच राहिली. त्या साली डोणगावात काही लोकांच्या रजया उशिरा मिळाल्या. ते हबीबला बोलायला यायचे, आतलं बाळ पाहून परत जायचे. मग कडूबानं खरी भिंत उठवली, या वेळी दोरी न हलवता. छातीएवढी झाल्यावर मात्र त्याला विचारावंच लागलं, "कोनाडा कोनाच्या अंगाले ठेवू?" निवृत्ती म्हणाला, "हबीबभाईले विचार." हबीब म्हणाला, "निवृत्तीले विचार." कडूबा चार फेऱ्या मारून कंटाळला आणि त्यानं दोन्ही अंगांना एकेक कोनाडा केला, पण एकमेकांपासून चांगले लांब, म्हणजे पुन्हा कोणाचे डोळे कोणाला दिसायला नकोत.

अन्नूला न्यायला बीबीहून तिचे सासरे महादेवराव आले. माणूस वाईट नव्हता, पण रीतभात मोजून पाहणारा. त्यांच्या कानावर बरंच काही गेलेलं होतं. नव्या खोलीत घोंगडीवर बसून त्यांनी सारवलेली जमीन पाहिली, धाबं पाहिलं, भिंत पाहिली, कोनाड्यातला दिवा पाहिला. मांडीवरच्या नातीला झुलवत ते म्हणाले, "खोली झ्याक झाली इवाई. पन एक सांगा. लोक काहीबाही बोलतात. आमची नात नेमकी कोनाच्या घरात झाली म्हनाची?"

निवृत्तीनं भिंतीकडे पाहिलं. पलीकडून तात वाजत होती, टुंय-टुंय-धप, अगदी नेहमीच्या ठेक्यात.

"थांबा इवाई," तो म्हणाला. "हे मले हबीबभाईले विचारा लागन."

आणि पटका सारखा करून, तो खरंच विचारायला शेजारी गेला.